कॅल्शियमच्या गोळ्या: मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधाच्या दुकानात सगळ्यात बिनधास्त मागितली जाणारी गोळी कुठली असेल तर ती कॅल्शियमची. तापाची गोळी घेतानाही माणूस दोन प्रश्न विचारतो. कॅल्शियमच्या वेळी मात्र "ती गुलाबी द्या, मोठी" एवढंच. चिठ्ठी मागितली की उत्तर ठरलेलं: "कॅल्शियमच आहे हो, त्यानं काय होतंय?" काउंटरमागे उभं राहून गेली कित्येक वर्षं हे ऐकतोय. त्यानं काय होतं, काय होत नाही आणि कशाची काळजी घ्यायची, ते इथे लोक विचारतात त्याच भाषेत लिहिलं आहे.

गुडघे दुखतात, पोटरीत गोळे येतात, नखांवर पांढरे ठिपके आहेत. कॅल्शियम कमी झालं असेल ना?

या तिन्हींवरून तसं म्हणता येत नाही. नखांवरचे ठिपके बहुतेक वेळा नखाच्या मुळाशी लागलेल्या बारीकसारीक माराचे असतात आणि नखाबरोबर वाढून निघून जातात. पोटरीतले गोळे दमणुकीने, पाणी कमी पडल्याने, गरोदरपणात, काही औषधांमुळे, कधी काहीच कारण नसतानाही येतात. वयानुसार दुखणाऱ्या गुडघ्यात झिजलेली असते ती कूर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, आणि ती कॅल्शियमने भरून येत नाही.

रक्तातलं कॅल्शियम खरोखर खूप उतरलं की ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हात आखडून बोटं आपोआप एकत्र जुळतात, झटकेही येऊ शकतात. विशेषतः थायरॉईडचं ऑपरेशन होऊन दोन-चार दिवस झालेत आणि असं काही वाटतंय, तर दुकानात गोळ्या घ्यायला येऊ नका. सरळ हॉस्पिटल गाठा.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल आलं. मग डॉक्टरांनी गोळ्या का लिहून दिल्या?

हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण किलोभर कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात असतं ते अगदी थोडं, पण हृदयाचे ठोके, स्नायू, नसा सगळं त्याच्यावर चालतं. म्हणून शरीर ते साधारण ८.५ ते १०.५ (मिग्रॅ प्रति डेसीलिटर) या पट्ट्यातून हलू देत नाही. मानेत थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, त्यांचं कामच हे. रक्तात कॅल्शियम जरा घसरलं की त्या हाडांतून काढून रक्तात आणतात.

दुकानदाराच्या भाषेत सांगायचं तर गल्ल्यात रोज तेवढीच रक्कम दिसावी म्हणून कोणी तिजोरीतून काढून टाकत राहिलं, तर गल्ला पाहून तिजोरीचा अंदाज येणार नाही. रक्ताचा रिपोर्ट म्हणजे गल्ला. हाडांची तिजोरी बघायला डेक्सा स्कॅन लागतो. त्यात हाडांच्या घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार म्हणतात. शिवाय डॉक्टर व्हिटॅमिन डी, पॅराथायरॉईड हार्मोन, फॉस्फरस, क्रिएटिनिन बघतात.

उलटंही होतं. रिपोर्टमध्ये कॅल्शियम कमी दिसतं आणि प्रत्यक्षात कमी असतं ते रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन, कारण निम्मंअधिक कॅल्शियम प्रथिनांना आणि इतर घटकांना चिकटून फिरत असतं. आणि काहींना कितीही गोळ्या दिल्या तरी कॅल्शियम चढतच नाही, तेव्हा मॅग्नेशियम कमी निघतं. ते भरल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. म्हणून एकट्या आकड्यावरून स्वतःच गोळी सुरू करू नका.

स्ट्रिपवर ५०० पण लिहिलंय आणि १२५० पण. खरं कोणतं?

आमच्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. स्ट्रिप उलटी करा, चंदेरी बाजू उजेडात थोडी तिरकी धरा. बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ, म्हणजे एलिमेंटल कॅल्शियम ५०० मिग्रॅ. कॅल्शियम कधी एकटं येत नाही, कुठल्या तरी क्षाराच्या रूपात येतं. १२५० हे त्या अख्ख्या क्षाराचं वजन, आणि त्यातलं शरीराच्या कामाचं कॅल्शियम ५००. हिशेब नेहमी एलिमेंटलचा धरायचा.

कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असतं, सायट्रेटमध्ये २१, लॅक्टेटमध्ये १३ आणि ग्लुकोनेटमध्ये अवघं ९. म्हणजे १००० मिग्रॅ सायट्रेटची गोळी दिसायला भारदस्त, पण हातात पडतं २१० मिग्रॅ. काही कंपन्या पुढच्या बाजूला क्षाराचा मोठा आकडा छापतात, काही एलिमेंटलचा, आणि काहींच्या नावातच आकडा असतो, ज्याचा आतल्या मालाशी संबंध असेलच असं नाही. "तीच गोळी, दुसऱ्या कंपनीची द्या, स्वस्तातली" म्हणताना ही ओळ एकदा जुळवून बघा. व्हिटॅमिन डी किती आहे तेही तिथेच असतं.

रोज लागतं तरी किती?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिग्रॅ, अंगावर पाजणाऱ्या आईला १२००. याआधी मोठ्यांसाठीचा आकडा ६०० होता, म्हणून जुन्या पुस्तकात वेगळं सापडेल.

पण हे १००० गोळीतून घ्यायचे नाहीत, आधी ताटातून मोजायचे. गाईच्या २०० मिलि दुधात साधारण २४० मिग्रॅ. ५० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीत १८० च्या आसपास, जरी नाचणीतल्या फायटेटमुळे त्यातलं काही अडून राहतं. वाटीभर दही दुधासारखंच. शेवग्याचा पाला, तीळ, आणि काट्यासकट खाल्ले जाणारे बारीक मासे, मांदेली किंवा सुका जवळा, हेही चांगले. पालकात कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेट त्याला असं धरून ठेवतं की जेमतेम पाच टक्के अंगी लागतं. दुधातलं तीस टक्क्यांच्या आसपास लागतं. आपला कपभर चहा? त्यात पन्नासएक मिलि दूध धरलं तर साठ मिग्रॅ. चार कप चहाला "दूध पोटात जातं की" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

ताटातून ६००-७०० येत असेल तर तुम्हाला कमी पडतंय तीनशे-चारशे. त्यासाठी रोज एक गोळी पुरते. पुष्कळ जण मात्र हा हिशेब न करता दोन गोळ्या, वर "हाडांसाठीची" पावडर, वर कॅल्शियम घातलेलं पेय असं सगळं घेतात. पन्नाशीपर्यंत दिवसाला २५०० आणि त्यापुढे २००० मिग्रॅ ही कमाल मर्यादा धरतात, आणि तिच्यात जेवणातलंही मोजायचं असतं.

जेवणाआधी की जेवणानंतर? दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या तर?

कार्बोनेट असेल तर जेवणासोबत किंवा लगेच नंतर. ते विरघळायला पोटातलं ॲसिड लागतं. सायट्रेट कधीही चालतं. जे रोज सकाळी ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेतात त्यांच्या पोटात ॲसिडच कमी, त्यामुळे त्यांना डॉक्टर बहुधा सायट्रेट सुचवतात. सायट्रेट महाग पडतं, पण या लोकांसाठी ते पैसे वाया जात नाहीत.

दोन गोळ्या एकदम नकोत. आतडं एका वेळी ५०० मिग्रॅपर्यंतचं कॅल्शियम नीट शोषतं. एक दुपारच्या जेवणाला, एक रात्रीच्या.

लोहाची गोळी, थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम, सगळं सकाळी एकदमच घेते. चालेल ना?

नाही चालणार. या उत्तरासाठी जरा जास्त वेळ द्या, कारण एकाच मुठीत सगळ्या गोळ्या घेणाऱ्या बायका रोज भेटतात. "एकदाच पाणी प्यायचं, मोकळं व्हायचं." मग सहा महिन्यांनी थायरॉईडच्या रक्ततपासणीत टीएसएच वाढलेला येतो, म्हणजे गोळी कमी पडतेय असं दिसतं, डॉक्टर थायरॉईडचा डोस वाढवतात, आणि मूळ गडबड मुठीतच राहते.

कॅल्शियम पोटात थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या औषधाला, धरून ठेवतं, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या वाटेत येतात. किमान दोन तास. असं बसवता येईल: उठल्या उठल्या साध्या पाण्यासोबत थायरॉईडची गोळी. तासाभराने चहा-नाश्ता. दुपारच्या जेवणाला कॅल्शियम. संध्याकाळी पाचच्या सुमाराला लोह, चहासोबत नव्हे, लिंबूपाण्यासोबत. कॅल्शियमची दुसरी गोळी असेल तर रात्रीच्या जेवणाला. कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावा, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.

डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्सही कॅल्शियमबरोबर घेतली की कुचकामी होतात. कोर्स पाच-सात दिवसांचा असेल तर तेवढे दिवस कॅल्शियम थांबवू का, हे डॉक्टरांना विचारा. हाडांसाठीची आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची, अर्धा तास आडवं व्हायचं नाही, आणि कॅल्शियम त्या दिवशी दुपारीच.

आणखी एक. कॅल्शियमच्या काही नव्या गोळ्यांत के-२ व्हिटॅमिन घातलेलं असतं. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमॅरॉल घेणाऱ्यांनी ती गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये; के व्हिटॅमिन या औषधांच्या नेमकं उलट काम करतं. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनीही आधी सांगावं.

गरोदरपणात कधीपासून घ्यायच्या?

सरकारी मार्गदर्शनानुसार चौदाव्या आठवड्यापासून दिवसाला दोन, आणि बाळंतपणानंतरही सहा महिने. आशाताई किंवा उपकेंद्रात मिळते त्या गोळीत ५०० मिग्रॅ कॅल्शियम आणि २५० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) व्हिटॅमिन डी-३ असतं. एक दुपारच्या जेवणाला, एक रात्रीच्या, रक्तवाढीच्या गोळीपासून लांब. हे फक्त बाळाच्या हाडांसाठी आहे असा समज आहे. खरं तर ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी असतं त्या बायकांत गरोदरपणातला वाढता रक्तदाब, म्हणजे प्री-एक्लॅम्प्सिया, टाळायला याची मदत होते. सासूबाईंनी "बाळ मोठं होईल, बाळंतपण अवघड जाईल" म्हणून गोळ्या बंद केल्याचं ऐकतो तेव्हा वाईट वाटतं. कॅल्शियममुळे बाळ अंगानं मोठं होतं असं काही नाही. आणि डिंकाचे लाडू जरूर खा, पण गोळीऐवजी नव्हे.

मुतखडा आहे. मग कॅल्शियम अजिबात बंद?

जेवणातलं बंद करू नका. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात म्हणून लोक दूध-दही सोडतात, आणि उलटच होतं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडून शौचावाटे बाहेर नेतं. कॅल्शियम कमी झालं की मोकळं ऑक्झलेट रक्तात शिरून मूत्रपिंडात जातं.

गोळ्यांचं गणित वेगळं. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासात पाळी गेलेल्या ३६,२८२ स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज १००० मिग्रॅ कॅल्शियम आणि ४०० आययू डी दिलं. २००६ मध्ये निकाल आले, तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघालं, आणि खुब्याचं हाड मोडण्यात ठाम म्हणता येईल असा फरक पडला नाही. पण या बायकांच्या पोटात जेवण आणि त्यांच्या आधीच्या गोळ्या मिळून हजाराच्या वर कॅल्शियम जातच होतं, हेही लक्षात घ्यायला हवं. भरलेल्या घागरीत पाणी ओतलं तर ते बाहेरच सांडणार. आपल्याकडे ज्या बाईच्या ताटात दिवसभरात चारशे मिग्रॅही येत नाही, तिला हा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. खडा होऊन गेला असेल तर गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, जेवणासोबतच, आणि पाणी भरपूर.

कॅल्शियमच्या गोळ्यांनी हार्ट अटॅक येतो म्हणे?

२०१० मध्ये काही अभ्यास एकत्र करून तशी शंका मांडली गेली. नंतरच्या अभ्यासांत काहींत तसं दिसलं, काहींत नाही. जेवणातल्या कॅल्शियमवर असा ठपका आलेला नाही. म्हणून आधी ताट, मग कमी पडेल तेवढीच गोळी, हाच रस्ता बरा.

गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज दह्यातून खाल्ला की गोळ्या लागत नाहीत, असा मेसेज आलाय.

हा मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने जन्म घेतो. त्यात कंबर, केस, कावीळ, उंची सगळं बरं होतं.

खाण्याचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साईड, त्यात कॅल्शियम आहे यात वाद नाही. पण हिशेब करा. गव्हाच्या दाण्याएवढा चुना अगदी कोरडा आणि शुद्ध धरला तरी त्यात चाळीस मिग्रॅच्या आसपास कॅल्शियम. ओला असतो म्हणून प्रत्यक्षात बरंच कमी. म्हणजे मेसेजमध्ये सांगितल्याएवढा खाल्ला तर अर्ध्या कप चहातल्या दुधाइतकाही उपयोग नाही, आणि उपयोग व्हावा म्हणून जास्त खाल्ला तर तोंड, अन्ननलिका भाजते. पानाच्या ठेल्यावरच्या चुन्यात आणखी काय मिसळलंय याची हमी कुणीच देत नाही.

माझी खरी भीती वेगळी आहे. चुन्याची प्लॅस्टिकची डबी किंवा पुडी घरात आली की ती पोरांच्या हाती लागते. दाबली की चुना थेट डोळ्यात उडतो, आणि नजर जाऊ शकते. असं झालं तर क्षणाचाही वेळ न घालवता नळाखाली डोळा उघडा धरून पंधरा-वीस मिनिटं धूत राहा, मग लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

शंखभस्म, प्रवाळ घेतो. वर गोळी चालेल?

शंख, कवडी, प्रवाळ, मोत्याचा शिंपला हे सगळं मुळात कॅल्शियम कार्बोनेटच. वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही दोन्ही गोष्टी सांगा, नाहीतर एकच माल दोन नावांनी पोटात जातो.

व्हिटॅमिन डीची ६०,००० ची पावडर कॅल्शियमबरोबर रोज घ्यायची का?

रोज नाही! आठवड्यातून एकदा, आणि तेही डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे, बहुधा आठ. आमच्याकडे एक आजोबा आठ पाकिटं घेऊन गेले आणि नवव्या दिवशी परत आले, "आणखी आठ द्या, संपली." चिठ्ठीवर आठवड्याला एक असं लिहिलेलं होतं, पण ते इंग्रजीत. तेव्हापासून मी प्रत्येक पाकिटावर पेनाने वार लिहून देतो: रविवार, रविवार, रविवार.

डी व्हिटॅमिन लघवीवाटे निघून जात नाही, ते चरबीत साठतं. फार झालं की आतडं वाजवीपेक्षा जास्त कॅल्शियम ओढून घेतं आणि रक्तातलं कॅल्शियम चढतं. औषध बंद केल्यावरही उतरायला कित्येक आठवडे लागतात. मात्र डी अगदीच कमी असेल तर नुसत्या कॅल्शियमचाही उपयोग होत नाही, कारण ते शोषायला डी लागतंच.

जास्त झालं हे कसं कळेल?

मळमळ, भूक मरणं, घट्ट बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि सारखी लघवी, गळून जाणं. म्हाताऱ्या माणसांत घोळ असा होतो की ते असंबद्ध बोलू लागतात आणि घरचे म्हणतात "वय झालं". कॅल्शियम किंवा डी चालू असलेल्या माणसात असं दिसलं तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्या. कार्बोनेट आणि वरून ॲसिडिटीच्या चघळायच्या गोळ्या मूठमूठ खाणाऱ्यांत हे हमखास बघावं. त्या ॲसिडिटीच्या गोळ्यांतही बऱ्याचदा कॅल्शियम कार्बोनेटच असतं.

कुणी-कुणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचंच नाही?

मूत्रपिंडाचा आजार, पॅराथायरॉईडचा विकार, सार्कॉइडोसिस (फुप्फुसात आणि इतर अवयवांत बारीक गाठी होणारा आजार), कॅन्सर, रक्तदाबासाठी थायझाईड गटातली लघवीची गोळी चालू असलेले. डायलिसिसच्या रुग्णांना कधी कधी जेवणाबरोबर कॅल्शियम देतात, पण तिथे काम वेगळं असतं, जेवणातला फॉस्फरस अडवायचा असतो. त्यांची चिठ्ठी बघून शेजाऱ्याने तीच गोळी सुरू करू नये.

बाळाला दात उशिरा येतायत. कॅल्शियमचं सिरप देऊ का?

दात केव्हा येणार हे बहुतेक वेळा घराण्यावर असतं. सिरपने ते लवकर येत नाहीत. मुलाचे पाय वाकडे होणं, मनगटं जाड दिसणं, चालायला उशीर होणं ही मुडदुसाची लक्षणं असू शकतात, आणि त्यावर डी आणि कॅल्शियम दोन्ही मोजून द्यावं लागतं. ते काम बालरोगतज्ज्ञांचं.

पूर्वी डॉक्टर कॅल्शियमची सुई द्यायचे, अंगात लगेच गरमी यायची, ताकद यायची. ती मिळेल?

ती गरमी म्हणजे ताकद नव्हे. शिरेतून कॅल्शियम गेलं की अंग तापल्यासारखं वाटतंच. पटकन ढकललं तर हृदयाचे ठोके बिघडतात, शिरेबाहेर गळलं तर तिथलं मांस सडतं. ही सुई हॉस्पिटलात, मॉनिटर लावून, गरज असेल तेव्हाच.

गोळी सुरू केल्यापासून पोट साफ होत नाही.

कार्बोनेटने होतं असं. जेवणासोबत घेताय ना ते बघा, पाणी वाढवा, डोस दोन वेळांत विभागा. तरीही त्रास राहिला तर सायट्रेटबद्दल विचारा.

एक दिवस विसरले तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ?

नको. हाडांना एका दिवसाने फरक पडत नाही.

गोळी एवढी मोठी आहे की घशात अडकते.

मधे रेघ असलेली साधी गोळी मोडून दोन तुकड्यांत घ्या, किंवा चघळायची मागा, मिळते. तुकडा कोरड्या घशाने गिळू नका. ताठ बसून पेलाभर पाण्याबरोबर घ्या. आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या "अरे, गोळी राहिली" म्हणून तोंडात टाकून तसंच झोपायचं नाही. उठून बसा, पाणी प्या, मग झोपा.